नाडी आणि नेफा: बोटाचा तुटलेला टेंडन जोडल्यावर तो चिकटू नये म्हणून

हातातलं काहीही तुटलं की आपण म्हणतो, 'नस तुटली'. रक्ताची चिळकांडी उडाली तरी नस, बोट बधिर झालं तरी नस आणि बोट वाकेनासं झालं तरी नसच. खरं तर या तीन वेगवेगळ्या वस्तू. रक्त नेते ती रक्तवाहिनी, स्पर्श कळवतो तो मज्जातंतू, आणि स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारी पांढरी चिवट दोरी म्हणजे टेंडन. पुस्तकात त्याला कंडरा म्हणतात, पण दवाखान्यात कुणी म्हणत नाही. जखम झालेल्या हातांना व्यायाम शिकवणं हे माझं रोजचं काम. 'नस जोडली ना, मग झालं' असं म्हणत सहा आठवड्यांनी ताठ बोट घेऊन येणारे लोक पाहिले की वाटतं, या एका शब्दानेच निम्मा घोळ घातलाय.

हा लेख त्या तिसऱ्या वस्तूबद्दल आहे, त्यातही तळहाताच्या बाजूने बोट वाकवणाऱ्या टेंडनबद्दल. विळीवर लाल भोपळा फोडताना, नारळ सोलताना कोयता निसटला की, फुटक्या काचेच्या ग्लासात हात घालून घासताना, पत्र्याच्या धारेवर, संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांज्यात तुटतात ते बहुधा हेच. जोडायचं काम सर्जनचं. तो चिकटू द्यायचा नाही, हे पुढच्या बारा आठवड्यांचं काम मात्र तुमचं.

तुमच्या सर्जनने दिलेलं वेळापत्रक आणि इथलं वेळापत्रक यांत फरक दिसला तर सर्जनचं खरं माना. टेंडन किती धाग्यांनी शिवला, टोकं कुरतडलेली होती की स्वच्छ कापलेली, सोबत हाड किंवा मज्जातंतू गेला होता का, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

चिकटतं म्हणजे नेमकं काय होतं

पायजम्याची नाडी आणि नेफा डोळ्यांसमोर आणा. टेंडन ही नाडी, आणि ती ज्या गुळगुळीत, ओलसर नळीतून सरकते तो नेफा. बोट वाकवणारे दोन टेंडन या एकाच नेफ्यातून जातात. एक मधल्या पेरापाशी दुभंगून थांबतो, दुसरा त्या दुभंगातून पुढे जाऊन टोकाच्या पेराला जोडलेला असतो. नेफा जागोजागी घट्ट पट्ट्यांनी हाडाशी बांधलेला असतो. या पट्ट्या नसत्या तर मूठ मिटताना टेंडन धनुष्याच्या दोरीसारखा ताणून कातडीखाली वर आला असता.

आता नाडी तुटली आणि गाठ मारून जोडली. गाठीचा फुगवटा आला, भोवती सूज आली, नेफा आतून भरला. शरीराला घाई असते ती जखम भरण्याची, नाडी कुठली आणि नेफा कुठला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जे नवे तंतू टेंडनची दोन टोकं सांधतात, तेच त्याला नेफ्याशी, हाडाशी, वरच्या कातडीशीही सांधून टाकतात. टेंडन जोडला गेला, मजबूतही झाला, पण सरकतच नाही. नाडी नेफ्याला शिवली की पायजमा बांधणार कसा?

यातली सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे तळहातावर बोटांच्या मुळाजवळ जी आडवी रेघ असते तिथपासून बोटाच्या मधल्या पेराच्या मध्यापर्यंतचा भाग. इथे दोन टेंडन, एक अरुंद नेफा आणि त्याच्या घट्ट पट्ट्या, सगळं एकाच बोळात. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हटलं होतं. इथे टेंडन जोडायच्या भानगडीत पडू नका, फक्त कातडी शिवा आणि नंतर दुसरा टेंडन आणून बसवा, अशी तेव्हाची शिकवण होती. १९६७ साली केंटकीतल्या लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांच्या गटाने याच जागेत थेट जोडलेल्या टेंडनचे चांगले निकाल मांडले. त्यांची युक्ती शिवणीइतकीच नंतरच्या हालचालीत होती: नखाला अडकवलेल्या रबरबँडने बोट आपोआप मिटायचं आणि पेशंटने ते स्वतः उघडायचं. पुढे १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउसर यांनी आकडाच सांगितला. टेंडन रोज नुसता ३ ते ५ मिलिमीटर सरकला तरी तो घट्ट चिकटत नाही.

बासमतीच्या दाण्याहूनही कमी अंतर आहे हे. पुढचं सगळं प्रकरण तेवढ्याभोवती फिरतं. अजिबात हलवलं नाही तर टेंडन चिकटतो, शिवाय न हललेली जोडणी कच्चीही राहते. फार ओढलं तर शिवण उसवते. या दोहोंतून जायची वाट आम्ही पेशंटला तीन शब्दांत सांगतो: हलवायचं, वापरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण याचा अर्थ न कळल्यामुळे बिघडलेली बोटंच मी जास्त पाहिली आहेत.

जखम झाली त्या दिवशी

स्वच्छ कापड दाबून धरा, हात छातीच्या वर उचला, अंगठी आणि बांगड्या लगेच काढा. थोड्या वेळाने सूज चढली की त्या कापाव्याच लागतात. हळद, कॉफी, चुना, टूथपेस्ट यांतलं काहीही जखमेत भरू नका. ते सगळं नंतर सर्जनला खरवडून काढावं लागतं आणि तेवढी इजा वाढते. मनगटाला सुतळी आवळून बांधू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलंच.

मग हात तळवा वर करून सैल सोडा आणि नुसतं पाहा. निवांत पडलेल्या हाताची बोटं तर्जनीपासून करंगळीकडे जाताना थोडी थोडी जास्त मिटलेली दिसतात. त्या रांगेत एकच बोट सरळ पडलं असेल तर त्याचा टेंडन तुटलाय, असं समजून चाला. बोटाच्या टोकाला दोन्ही कडांना स्पर्श कळतो का तेही बघा. जोर लावून बोट वाकवायची परीक्षा घेऊ नका, अर्धवट कापलेला टेंडन त्या जोराने पूर्ण तुटतो.

काचेची जखम फसवी असते. वर दोन टाक्यांएवढी चीर आणि आत दोन्ही टेंडन गेलेले, असं कितीदा तरी दिसतं. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, रक्त थांबलं, घरचे निश्चिंत झाले आणि पंधरा दिवसांनी टाके काढताना कुणाच्या तरी लक्षात आलं की टोक वाकत नाही. तोवर वरची नाडी नेफ्यात आत ओढली गेलेली असते. पहिल्या काही दिवसांत टेंडन जोडला गेला तर उत्तम, दोन आठवड्यांपर्यंतही बहुतेकदा जमतं. तीन-चार आठवडे उलटले की स्नायू आखडतो, रिकामा नेफा मिटून जातो. मग दोन टप्प्यांचं ऑपरेशन करावं लागतं: आधी सिलिकॉनची कांडी ठेवून नवा नेफा तयार करायचा, काही महिन्यांनी मनगटातला किंवा पायातला टेंडन आणून त्यात ओवायचा. म्हणून टाके घालणाऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'टेंडन बघितला का?' यात त्यांचा अपमान नाही.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन-चार दिवस: फक्त सूज

या दिवसांत बोट हलवायची घाई नको. ताज्या जखमेत पुन्हा रक्त झिरपलं तर चिकटायला तेवढंच जास्त सामान मिळतं. सुजलेल्या नेफ्यातून नाडी ओढायला जोरही जास्त लागतो, आणि तो शिवणीवर येतो. सूज जितक्या लवकर उतरेल तितका पुढचा व्यायाम निर्धोक.

हात हृदयाच्या वर ठेवायचा. झोपताना शेजारी दोन उशा रचून त्यांवर, बसल्यावर सोफ्याच्या पाठीवर, चालताना विरुद्ध खांद्यावर. गळ्यातल्या झोळीत पोटाशी लोंबणारा हात वर नसतो, खालीच असतो. ती झोळी आठवडेच्या आठवडे घालून फिरणाऱ्यांचा खांदा आखडतो आणि मग बोट सोडून खांद्यावरच महिना जातो. रोज चार-पाच वेळा हात डोक्यावर उचला, कोपर पूर्ण उघडा-मिटा. बर्फ लावू नका, मज्जातंतू कापला असेल तर बधिर कातडीला गारठा कळत नाही.

स्प्लिंट: सहा आठवड्यांचा पाहुणा

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास जाड प्लास्टर काढून हाताच्या मागच्या बाजूने हलकी प्लास्टिकची स्प्लिंट बनवून देतात. तिच्यात बोटं मुळाशी साधारण ५० ते ७० अंश वाकलेली असतात आणि पुढची पेरं सरळ. तिचं काम छपराचं: बोटं एका मर्यादेपलीकडे उघडू द्यायची नाहीत, कारण उघडताना ताण येतो तो शिवणीवर. मनगट किती वाकवायचं याबद्दल मतं बदलली आहेत. पूर्वी ते बरंच वाकवून ठेवत, हल्ली सरळ किंवा किंचित मागे ठेवण्याकडे कल आहे, आणि काही ठिकाणी मनगट मोकळं सोडणारी आखूड स्प्लिंटही देतात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची स्प्लिंट वेगळी दिसली म्हणून घाबरू नका.

स्प्लिंट दिवसरात्र घालायची. आंघोळीला वर प्लास्टिकची पिशवी बांधायची. ज्या पेशंटचा जोडलेला टेंडन पुन्हा तुटतो त्यांच्या हकिगती ऐकून पाहा. 'दोन मिनिटं काढली होती फक्त', 'झोपेत घाम आला म्हणून', 'बाळ पडत होतं, धरायला गेले'. ही तिसरी हकिगत ऐकताना कुणाला दोष द्यावासाच वाटत नाही. पण बाळ उचलायला दुसरं कुणीतरी आसपास असेल अशी सोय पहिल्याच आठवड्यात लावून ठेवा.

ही प्लास्टिकं गरम पाण्यात मऊ करूनच घडवलेली असतात. त्यामुळे स्प्लिंट कढत पाण्याने धुतली किंवा मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की वाकडी झालीच म्हणून समजा. आतून सुती मोज्यासारखी जाळी घालतात. दोन घेऊन ठेवा, पावसाळ्यात एक वाळतच नाही. जाळी बदलायची पद्धत थेरपिस्टसमोर एकदा करून दाखवा. मनगट आणि बोटं वाकलेली ठेवून, हात टेबलावर टेकवून हे काम करायचं असतं, आणि करायचं ते घरच्या माणसाने.

पहिले चार आठवडे: हलवायचं कसं

दिवसभरात जागेपणी दर तासा-दोन तासांनी पाच-सात मिनिटं. सकाळी अर्धा तास घाम गाळून दिवसभर हात बाजूला ठेवला तर काही साधत नाही. चिकट तंतू तासातासाने विणले जातात, ते तासातासानेच मोडावे लागतात. मोबाइलवर गजर लावा. मालिका बघणाऱ्यांना मी सांगतो, प्रत्येक जाहिरातीला एक फेरी.

आधी चांगल्या हाताने दुखरं बोट मिटवायचं. स्प्लिंटचा बोटांवरचा पट्टा सोडा, स्प्लिंट तशीच राहू द्या. चांगल्या हाताने आधी टोकाचं पेर वाकवा आणि सोडा, मग मधलं, मग सगळं बोट तळव्याकडे. प्रत्येकी दहा वेळा. जखमी हाताने जोर लावायचा नाही, तो पाहुण्यासारखा बसून राहील. सकाळची पहिली फेरी सगळ्यात ताठ असते, तिला वेळ द्या. सांधे असे मऊ झाले की पुढच्या पायरीला टेंडनला कमी ओढ लागते, म्हणून हा क्रम बदलू नका.

मग बोट स्वतःच्या जोरावर उघडायचं, छपराला पाठ टेकेपर्यंत. इथे एक बारकावा आहे. चांगल्या हाताने बोटाचं मुळाचं पेर आणखी थोडं वाकवून धरा आणि मग पुढची दोन पेरं सरळ करा. मधला सांधा पूर्ण सरळ होतोय याची रोज खात्री करा. टेंडन फिरायला लागला तरी मधला सांधा कायमचा वाकडा राहणं ही फार सामान्य आणि टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. व्यायाम नसेल त्या वेळी पट्टा लावून पेरं सरळ ठेवलेलीच बरी.

तिसरी पायरी सर्जनने परवानगी दिली असेल तरच: बोट स्वतः मिटवणं. चार किंवा सहा धाग्यांनी शिवलेल्या टेंडनला ही परवानगी बहुधा मिळते, दोन धाग्यांच्या शिवणीला थांबावं लागतं. कॅनडातल्या सेंट जॉन शहरातले सर्जन डोनाल्ड लालोंड यांनी पेशंटला जागं ठेवून, रक्त थांबवायला दंडावर बांधतात तो पट्टा न आवळता, फक्त हात बधिर करून ऑपरेशन करण्याची पद्धत रूढ केली. आता आपल्याकडेही कित्येक ठिकाणी ती वापरतात. तिचा फायदा असा की कातडीला टाके घालण्यापूर्वीच पेशंट टेबलावर बोट मिटवून दाखवतो आणि शिवणीत फट पडते का, नेफ्यात अडकते का, हे सर्जनला दिसतं. तुमचं ऑपरेशन तसं झालं असेल तर स्वतःचं बोट वाकताना तुम्ही पाहिलंही असेल.

परवानगी असली तरी पूर्ण मूठ नाही. पहिल्या आठवड्यात पाव मूठ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत अर्धी. सुरुवात टोकाच्या पेरापासून करा. सगळी बोटं एकत्र, सावकाश, हातात नुकताच लाटलेला ओला पापड आहे आणि त्याला सुरकुती पडू द्यायची नाही इतक्या हलक्या जोराने. शेवटचा अर्धा सेंटीमीटर मिटवायचा हट्ट नको. मूठ जितकी पूर्ण होत जाते तितका टेंडनवरचा ताण झपाट्याने वाढतो.

वापरणं म्हणजे काय काय

मोबाइल धरणं हे वापरणं. चादर अंगावर ओढणं, साडीच्या निऱ्या चिमटीत धरणं, भाकरी मोडणं, गाडीची चावी फिरवणं, पिशवीचा बंद बोटात अडकवणं, हे सगळं वापरणं. 'पण मी दुखऱ्या बोटाने नाही, बाकीच्या बोटांनी धरलं' हा युक्तिवाद चालत नाही. टोकाच्या पेराला जाणारे मधल्या बोटाचे, अनामिकेचे आणि करंगळीचे टेंडन एकाच स्नायूतून निघतात. करंगळीने पिशवी उचलली तरी अनामिकेचा टेंडन ओढला जातोच. सहा आठवडे तो हात रजेवर.

आणि तो बॉल. स्पंजचा पिवळा हसरा बॉल. कुणाच्याही हाताला लागलं की नातेवाईक सगळ्यात आधी तो आणून देतात आणि 'दाबत राहा' म्हणतात. जोडलेल्या टेंडनला पहिल्या दोन महिन्यांत यापेक्षा वाईट भेट नाही. बॉल दाबणं म्हणजे अडथळ्याविरुद्ध पूर्ण जोर, आणि बॉल मध्ये असल्यामुळे मूठ पूर्ण मिटतही नाही: टेंडन ओढला जातो जास्त, सरकतो कमी. तो बॉल भाच्याला खेळायला द्या. हाड बसवणाऱ्याकडून बोट 'मोकळं' करून घेणं हा याचाच मोठा भाऊ.

जोडणी तुटण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त. अचानक 'टक्' झालं, किंवा काल वाकत होतं ते टोक आज वाकत नाही, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा. काही दिवसांत पकडलं तर पुन्हा जोडता येतं. गंमत अशी की हात छान चालायला लागलेल्या पेशंटचाच टेंडन जास्त तुटतो. ज्याचं बोट मोकळं फिरतं त्याचा टेंडन चिकटलेला नसतो, म्हणजे सगळा भार त्या एका शिवणीवर असतो. आणि मोकळं फिरतंय म्हणून तो धीट झालेला असतो.

पोटात काय जातं

'आंबट खाऊ नका, जखम पिकते' ही आज्जीची आज्ञा निदान या बाबतीत मोडा. नवे तंतू कोलॅजेनचे बनतात आणि कोलॅजेन बांधायला क जीवनसत्त्व लागतं: लिंबू, आवळा, पेरू, संत्री. प्रथिनं पोटभर, मग ती अंडी-मासे असोत की डाळ, उसळ, दही, शेंगदाणे. भात बंद करायचंही कारण नाही.

तंबाखू मात्र खरंच बंद. निकोटीनने बोटातल्या आधीच बारीक असलेल्या रक्तवाहिन्या आकसतात. सिगारेट सोडलेले बापे अभिमानाने सांगतात, पण मशेरी लावणाऱ्या बायकांना कुणी विचारतच नाही आणि त्याही सांगत नाहीत. मशेरी म्हणजे तंबाखूच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हे व्यायामाइतकंच महत्त्वाचं, नाहीतर जखम रेंगाळते आणि हात जास्त ताठतो.

बोट बधिर असेल तर स्वयंपाकघरात सावध राहा. जोडलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटरच्या वेगाने वाढतो, म्हणजे टोकापर्यंत स्पर्श यायला महिने लागतात. तोवर तवा आणि चहाचा कप चटका देऊन जातात आणि कळतं ते फोड आल्यावर.

व्रणाची मालिश

टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात. खपली पडून कातडी पूर्ण बंद झाली, कुठे ओल राहिली नाही, की मालिश सुरू करायची. खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन पुरतं. व्रणावर चांगल्या हाताचा अंगठा ठेवा, नख पांढरं पडेल इतका दाब द्या, आणि अंगठा घसरू न देता खालची कातडी गोल गोल, मग आडवी, मग उभी हलवा. नुसता वरून तेलाचा हात फिरवून उपयोग नाही, त्याने कातडी चकचकीत होते इतकंच. वरची कातडी खालच्या थरांपासून सुटी व्हायला हवी. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं. व्रण लाल, उंचावलेला असेल तर रात्री सिलिकॉनची पट्टी लावतात.

बोट मिटवताना व्रण आत ओढला जाऊन खळी पडते का पाहा. पडत असेल तर टेंडन कातडीला चिकटलाय. त्या खळीवर अंगठा दाबून व्रण उलट्या दिशेने धरा आणि बोट वाकवा-उघडा, अर्थात तुमच्या टप्प्याला जेवढी मुभा असेल तेवढंच.

सहा ते बारा आठवडे: तीन मुठी

साधारण सहाव्या आठवड्याला स्प्लिंट दिवसा सुटते. प्रवासात, गर्दीत आणि झोपेत अजून काही दिवस राहू द्या. आता कोमट पाण्यात हात दहा मिनिटं ठेवून मग व्यायाम केला तर बरं वाटतं. मेणाचा शेक, अल्ट्रासाउंड या गोष्टी पूरक आहेत. मशीनखाली हात ठेवला म्हणजे आजचा व्यायाम झाला, असं मात्र नाही.

या टप्प्याचा कणा म्हणजे तीन मुठी. प्रत्येक वेळी बोटं पूर्ण सरळ करून सुरुवात.

पहिली आकड्याची: मुळाची पेरं सरळ ठेवून पुढची दोन पेरं विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखी वाकवायची. या स्थितीत बोटातले दोन टेंडन एकमेकांवरून सर्वांत जास्त सरकतात. दोन नाड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या इथे सुटतात, म्हणून कंटाळा आला तरी ही मूठ चुकवू नका.

दुसरी सपाट मूठ: मुळाची आणि मधली पेरं वाकवून बोटांची टोकं सरळच तळव्याच्या तळाला टेकवायची. याने वरचा, म्हणजे मधल्या पेरापाशी थांबणारा टेंडन पुरता सरकतो.

तिसरी नेहमीची पूर्ण मूठ, खोलवरच्या, म्हणजे टोकापर्यंत जाणाऱ्या टेंडनसाठी.

प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून सहा-आठ फेऱ्या.

सोबत पेर धरून वाकवणं. चांगल्या हाताने मधलं पेर सरळ धरून फक्त टोक वाकवा, मग मुळाचं पेर धरून मधला सांधा. शेवटाला तीन-चार सेकंद थांबा. यात टेंडनवर चांगलाच ताण येतो, म्हणून थेरपिस्टने सांगितल्याशिवाय सुरू करू नका. ज्यांचं बोट आधीच छान वाकतंय त्यांना मी हा व्यायाम उशिराच देतो. कारण मघाशी सांगितलं तेच, मोकळा टेंडन जपावा लागतो. चिकटलेल्यांना लवकर देतो.

या काळात भाकरीचं पीठ कालवणं, कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं चालतं. पिळणं, उचलणं, खेचणं अजून नाही. आठव्या आठवड्यापासून ताकदीचे व्यायाम: आधी मऊ कणीक मळणं, मग घट्ट, मग थेरपीची चिकणमाती. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, दुचाकीचा क्लच, कारखान्यातलं काम हे बारा आठवड्यांनंतर. उसतोडीच्या कोयत्यावर परतणाऱ्याला मी आणखी थोडं थांबवतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्याला थांबणं परवडत नाही हे मला कळतं. म्हणून त्याला निदान मोळी बांधायचं काम जोडीदाराकडे द्यायला सांगतो.

बोटाच्या मागच्या बाजूचं

बोट उघडणाऱ्या टेंडनचं गणित उलटं. चादर खोचताना किंवा बॉल लागून टोकाचं पेर खाली लोंबायला लागलं तर बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. ते पेर सहा ते आठ आठवडे सलग सरळ ठेवणारी छोटी टोपी पुरते. सलग म्हणजे सलग. एकदाही पेर वाकलं की दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. हाताच्या पाठीवर टेंडन तुटला असेल तर मनगट मागे वळवणारी स्प्लिंट आणि हालचालीचा वेगळा क्रम असतो. वरच्या तीन मुठी तिथे सुरुवातीला करायच्या नाहीत.

लहान मुलांना यातला कुठलाच क्रम पाळता येत नाही. त्यांना बहुधा चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवतात आणि पुढे खेळता खेळता त्यांचा हात मोकळा होतो. मोठ्यांनी हेवा करावा अशी गोष्ट आहे.

चिकटलंय हे कसं ओळखायचं

दर आठवड्याला दोन मापं घ्या. चांगल्या हाताने मिटवल्यावर बोटाचं टोक तळव्यापासून किती लांब राहतं, आणि स्वतः मिटवल्यावर किती. शाळेची पट्टी पुरते, आकडे कॅलेंडरवर लिहा. दोन्ही मापं सारखीच वाईट असतील तर सांधा ताठलाय. परक्या हाताने बोट पूर्ण मिटतं पण स्वतःहून मिटत नाही, तर टेंडन अडकलाय. मनगट खाली वाकवल्यावर बोटं सरळ होतात आणि मनगट वर केल्यावर आपोआप ओढली जाऊन उघडत नाहीत, हेही चिकटल्याचंच लक्षण. ही मनगट वर करून पाहायची परीक्षा सहाव्या आठवड्याआधी नको.

मापं सुधारत असतील, अगदी आठवड्याला दोन-तीन मिलिमीटरने का होईना, तर चालू ठेवा. टेंडनची घडण महिनोन्‌महिने चालू असते. सुधारणा खुंटली असेल तर घरच्या व्यायामावर विसंबू नका. हातांचं काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत आणि नागपुरात सरकारी मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, त्यासाठी खाजगी खर्च करायलाच हवा असं नाही.

तीन ते सहा महिने मनापासून करूनही टेंडन सुटला नाही, व्रण मऊ झालाय, सांधे परक्या हाताने पूर्ण हलतात, तर टेनोलायसिस नावाचं ऑपरेशन करतात. त्यात जोडणी न उसवता फक्त चिकटलेले तंतू कापून नाडी नेफ्यात मोकळी करतात. सांधेच ताठ असताना हे करून उपयोग नसतो, म्हणून आधी व्यायामाने सांधे सोडवून घ्यायचे. या वेळी शिवण जपायची नसते, त्यामुळे विश्रांतीचे ते तीन-चार दिवसही मिळत नाहीत. सकाळी ऑपरेशन झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी, जखम ओली असतानाच, वेदनाशामक घेऊन पहिली मूठ मिटवायची असते. तयारी असेल तरच तारीख घ्या, आणि थेरपिस्टची वेळ सर्जनच्या तारखेआधी पक्की करा.